उद्याला ठेवलेली ओळ

१

लोक बसमध्ये शेजारच्याचं वर्तमानपत्र चोरून वाचतात; उल्का शेजारच्याचे श्वास मोजायची. अठरा वर्षं माणसांना भूल देण्यात गेली होती, आधी मिरजेला आणि मग वेल्समधल्या कार्डिफच्या हॉस्पिटलात. त्यामुळे समोरच्याच्या तोंडाआधी तिची नजर त्याच्या छातीवर जायची. दुकानाच्या रांगेतला म्हातारा, ट्रेनमध्ये पेंगणारी कॉलेजची पोरगी, कुणीही चालायचं. मिनिटाला चौदा, मिनिटाला सोळा. ठीक आहे असं मनाशी म्हणायचं आणि पुढं जायचं. तिचा नवरा राजीव हे चारचौघांत रंगवून सांगायचा आणि सगळ्यांबरोबर उल्काही हसायची.

वर्षभरापासून मात्र घरातच एक श्वास मोजायला होता आणि त्याचं हसू येत नव्हतं. दहा वर्षांच्या अनुयाचे टॉन्सिल्स सुजून सुजून सुपारीएवढे झाले होते. झोपेत तिचे दोन श्वास सरळ जायचे आणि तिसरा घशात अडायचा. मग एक हिसका बसायचा आणि तो सुटायचा. दोन साधे, तिसरा अडकलेला. अडकलेला श्वास दिवसेंदिवस लांबत चालला होता. ऑपरेशन दोनदा ठरून दोनदा हुकलं, एकदा तापामुळे आणि एकदा वॉर्डात खाट नव्हती म्हणून. आता तिसरी तारीख मिळाली होती, दोन हजार आठच्या फेब्रुवारीतला दुसरा गुरुवार.

आपल्या लेकराला आपण भूल द्यायची नसते, हा या धंद्यातला नियम आहे आणि तो शहाणपणाचा आहे. ते काम गॅरेथ करणार होता. तो उल्काचा दहा वर्षांपासूनचा सहकारी, मोठ्या पोटाचा आणि हलक्या हाताचा वेल्श माणूस.

उल्काची एक सवय साऱ्या ऑपरेशन थिएटरला पाठ होती. लहान मुलांच्या तोंडावर मास्क धरला की ती गुणगुणायची. तिच्या आईची, वैजयंतीबाईंची, अंगाई. शब्द नाहीत, नुसती चाल. चार ओळी. तिसऱ्या ओळीनंतर ती थांबून मॉनिटरकडे बघायची, आकडे नीट दिसले की नाकातल्या नाकात ‘हं’ म्हणायची आणि चौथी ओळ घ्यायची. तिसऱ्या ओळीच्या पुढं जागं राहिलेलं मूल तिनं आजवर पाहिलं नव्हतं.

अंगाईला पाचवी ओळही होती, पण ती म्हणायची नाही असा मिरजेच्या घरातला दंडक होता. “शेवटची ओळ उद्याला ठेवायची,” आई सांगायची. “ती ऐकायला पोर सकाळी उठतं. पुरी करून टाकली तर उठेल कशाला?” त्या घरात कुणी निघताना ‘जातो’ म्हणालं, तर त्याला दारातून परत बोलावून ‘येतो’ म्हणायला लावत, आणि बांगडी फुटली तरी ती ‘वाढली’ असंच म्हणत. तिथं हे कुणाला वावगं वाटलं नाही. उल्कानं एकदा फोनवर आईला ती ओळ विचारली होती. आई म्हणाली, “मला येते. पण विचारू नकोस.” दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि ओळही गेली.

२

त्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी साडेचारच्या सुमारास उल्का क्वीन स्ट्रीटवरून स्टेशनकडे निघाली होती. गर्दी नेहमीचीच. शाळा सुटलेली पोरं, बाबागाड्या, ऑफिसातून लवकर सटकलेली मंडळी. थंडी अशी की माणसं बोलत होती तिथं तिथं वाफेचे ढग उठत होते.

फुलांच्या गाडीपाशी पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी पावा वाजवत उभी होती. सहा भोकांचा साधा पत्र्याचा पावा, इथं शाळेतल्या पोरांच्या हातात असतो तसला. अंगावर करडा कोट, केस मागं बांधलेले, पुढ्यात टोपी नाही की डबा नाही. पण वाजवणं असं की उल्काचे पाय आपोआप मंदावले. कानावर पडताच कळतं ना, ही शिकवण्याची गोष्ट नव्हे, हे जन्माचंच देणं आहे, तसं. एका सुरावरून दुसऱ्यावर ती अशी घसरत जायची की मध्ये सांधा दिसू नये. दहा-बाराजण थांबले होते. एका कडेवरच्या मुलानं आईच्या खांद्यावर मान टाकली होती.

उल्कानं आधी दाद दिली आणि मग तिला चाल ओळखू आली. ती आईची अंगाई होती.

तिला पहिल्यांदा आनंदच झाला, हे सांगायला हवं. परक्या देशात भर रस्त्यावर आपल्या स्वयंपाकघरातला वास यावा, तसा आनंद. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. मग मुलगी थांबली. उल्कानं नकळत चार आकडे मोजले. चौथ्या आकड्याला पाव्यातून एक तोकडा, दबका सूर निघाला, नाकातल्या नाकात म्हटल्यासारखा.

हं.

आणि मुलीनं चौथी ओळ घेतली.

हे थांबणं मिरजेचं नव्हतं. आई कधीच तिथं थांबत नसे. ते थांबणं, तो ‘हं’, उल्काचा होता, भूल देण्याच्या खोलीतला, चार भिंतींच्या आतला.

चौथी ओळ झाली तशी मुलीनं पावा खाली घेतला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. उल्का ट्रेन चुकू नये म्हणून निघाली.

३

उत्तर सोपं होतं आणि रुळांचा पूल यायच्या आत तिला ते सापडलं. ही तिचीच कुणी पेशंट असणार. दहा वर्षांपूर्वी पाच वर्षांची असेल, कान नाहीतर हात, काहीतरी झालं असेल. हुशार पोरांच्या कानात काय काय राहतं! घरी गेल्यावर राजीवला तिनं हे कौतुकानं सांगितलं.

“वॉव,” लॅपटॉपवरून मान न काढता तो म्हणाला. “म्हणजे तू फेमस आहेस. रॉयल्टी माग तिच्याकडे.”

पण भात उतरवताना तिच्या मनात आलं, चौथी ओळ तिनं ऐकली कधी? तिसरीला तर ती झोपलेली असणार.

मंगळवारी मुलगी तिथंच होती. चारी ओळी तशाच, तोच ‘हं’. चौथी संपली आणि पावा खाली आला नाही. एक सूर आणखी वाजला, खालचा, लांबट. मग ती थांबली. बुधवारी दोन सूर वाजले.

त्या दिवशी उल्काच्या सवयीनं दावा साधला. चाल ऐकता ऐकता नजर मुलीच्या छातीवर गेली आणि ती मोजू लागली. मोजायला काही नव्हतं. कोटाची बटणं जागची हलत नव्हती. पावा अखंड वाजत होता, फुंक तर हवीच, पण खांदे वर येत नव्हते, नाकपुड्या फुलत नव्हत्या. आजूबाजूच्या प्रत्येक तोंडातून वाफ निघत होती. त्या मुलीच्या तोंडासमोर आणि पाव्याच्या टोकाशी हवा स्वच्छ होती.

“सर्क्युलर ब्रीदिंग,” दुसऱ्या दिवशी गॅरेथनं चहा ढवळत सांगितलं. “गालात हवा साठवतात आणि नाकानं घेत राहतात. माझा काका ट्रम्पेट वाजवायचा, त्याला यायचं. बघणाऱ्याला कळत नाही.”

“मला कळलं असतं,” उल्का म्हणाली.

“तू दमली आहेस. पोरीचं ऑपरेशन तोंडावर आलंय. आई आहेस ना तू.” तो मायेनंच बोलला. तिला ते पटलं, निदान चहा संपेपर्यंत पटलं.

४

शनिवारी शहरात रग्बीची मॅच होती. लाल जर्सी घातलेली माणसं क्वीन स्ट्रीटभर गात, एकमेकांच्या गळ्यात हात टाकून निघाली होती. उल्काला सुट्टी होती आणि गावात काही काम नव्हतं. तरी ती आली. मी फक्त बघायला आले आहे, असं तिनं स्वतःला तीनदा सांगितलं.

एवढ्या कल्लोळातही पावा ऐकू येत होता. मुलीभोवती गाणारी माणसं गप्प उभी होती. चार ओळी झाल्या, मग पाचवीचे सूर, एक, दोन, तीन, चार, पाच.

“रोज एकेक वाढवते, लक्षात आलं का तुमच्या?” फुलांच्या गाडीवरची बाई उल्काला म्हणाली. साठीची, बोटं कापलेले हातमोजे घातलेली, भेटेल त्याला ‘लव्ह’ म्हणणारी. “गुणी पोर आहे, लव्ह. कुठून येते कोण जाणे. मी गाडी लावते तेव्हा असते आणि आवरते तेव्हाही असते. चहा देऊ केला तर मान हलवते.”

“ती बोलते का?”

“नाही. पण ही चाल बघा ना, घरी भांडी घासताना मी हीच म्हणत असते. आमचे हे वैतागलेत.” बाई हसली. तिच्या तोंडून वाफ निघाली.

उल्का ट्रेनमध्ये बसली आणि तिनं बोटांवर हिशेब मांडला. अंगाईची प्रत्येक ओळ नऊ सुरांची होती. मंगळवारी पहिला सूर, शनिवारी पाचवा. रविवारी सहावा, सोमवारी सातवा, मंगळवारी आठवा. नववा बुधवारी. आणि गुरुवारी सकाळी साडेनऊला अनुयाला थिएटरमध्ये न्यायचं होतं.

योगायोग असतात. एवढ्या मोठ्या शहरात रोज काही ना काही जुळतच असतं, आपण बघत नाही एवढंच. हा विचार डॉक्टरला शोभणारा होता. तो उल्कानं घट्ट धरला आणि घरापर्यंत नेला. रविवारी सकाळी अनुया उशिरापर्यंत लोळत होती, तेव्हा तिच्या पलंगाशी बसून उल्का मोजत राहिली. दोन साधे, तिसरा अडकलेला. तिसऱ्याला आता सहा सेकंद लागत होते. ऑपरेशन नको म्हणायचीही सोय नव्हती. इकडे आड, तिकडे विहीर.

५

मंगळवारी ती थेट मुलीसमोर जाऊन उभी राहिली. आठवा सूर वाजून पावा नुकताच खाली आला होता. टाळ्या विरल्या, माणसं पांगली.

“ही चाल तू कुठं शिकलीस?” उल्कानं इंग्रजीत विचारलं. आवाज थिएटरमधला काढायचा होता, तो निघाला मिरजेच्या घाबरट मुलीचा.

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. चेहरा चारचौघींसारखा होता, नाकावर दोन-चार ठिपके, ओठ थंडीनं फुटलेले. डोळ्यांत वाईट असं काही नव्हतं. वाट बघणाऱ्या माणसाचे डोळे असतात, तसे होते.

“तुला मी कधी भूल दिली होती का? हॉस्पिटलमध्ये? लहानपणी?”

मुलीनं पावा दुसऱ्या हातात घेतला.

“हे बघ, पुढं वाजवू नकोस. प्लीज. ही माझ्या आईची आहे. ती पुरी करायची नसते.” आपण भर बाजारात एका परक्या पोरीसमोर हात जोडले आहेत हे उल्काच्या मागाहून लक्षात आलं. “गुरुवारपर्यंत तरी नको. माझी मुलगी आहे, दहा वर्षांची.”

मुलीनं पावा तिच्यापुढं धरला. घे, अशा अर्थानं. उल्कानं तो घेतला. का घेतला, ते तिला सांगता आलं नसतं. हातात एखादी वस्तू दिली की आपण घेतो, तेवढंच.

तास न् तास वाजवलेला पावा. त्याचं तोंड ओलं हवं, कोमट हवं. उल्कानं अंगठा फिरवला. पत्रा बर्फासारखा होता आणि आत ठाक कोरडा. बोटाला धूळ लागली. कितीतरी वर्षं कपाटात पडून राहिलेल्या वस्तूला असते, तसली बारीक धूळ.

तिनं पावा परत दिला, जवळजवळ टाकलाच, आणि ती चालू लागली. स्टेशनच्या पायऱ्यांवर तिला कळलं की पाचव्या ओळीचे आठ सूर ती गुणगुणते आहे. आठव्याला येऊन जीभ अडखळत होती. नववा कुठला असेल, ते गाणं कधीच न शिकलेल्या माणसालाही कळलं असतं. तिनं दात आवळले आणि तोंडावर मफलर दाबून धरला.

६

बुधवारी ती क्वीन स्ट्रीटवर गेलीच नाही. हॉस्पिटलातून टॅक्सी केली, वर कानांत कापूस घातला. नववा सूर आपण ऐकायचा नाही, म्हणजे तो आपल्या तोंडून जाणार नाही, हा तिचा बेत होता. गुरुवारी आई म्हणून त्या खोलीत जायचं, हात धरायचा आणि गुणगुणायचं नाही. तोंडच उघडायचं नाही. एवढं साधं तर होतं.

तरीही दुपारी तिनं गॅरेथला कोपऱ्यात घेतलं. “पुढं ढकलूया का?”

“तिसऱ्यांदा? उल्का, तिचा रिपोर्ट तूच मला दाखवलास. अजून दोन महिने थांबलो आणि झोपेत काही झालं तर?” त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. “काय झालंय?”

काय सांगणार होती ती? की रस्त्यावर एक मुलगी छान वाजवते, म्हणून माझ्या मुलीवर उपचार करू नका?

“काही नाही,” ती म्हणाली. “आईपणा.”

घरी राजीवशीही तेच. तो चिडला नाही, तो कधीच चिडायचा नाही, हीच तर पंचाईत होती. “उल्का, ऐक. तू रोज हेच काम करतेस. दुसऱ्यांच्या आयांना तूच सांगतेस ना, रूटीन आहे, काळजी करू नका म्हणून? मग स्वतःला सांग की.”

“तू ती मुलगी पाहिली नाहीस.”

“कुठली मुलगी?” त्यानं विचारलं. तेवढ्यात अनुया जिन्यावरून धपाधप उतरली.

“आई! माझा नवीन स्लिपर बघ!” पायांत जांभळ्या, केसाळ सपाता होत्या, पुढं सशाचे कान असलेल्या. “हॉस्पिटलसाठी. बाबानी घेतला. आफ्टर स्कूल आम्ही टाउनला गेलो.”

उल्कानं सपातांवरून नजर वर केली. टाउनमधली दुकानं क्वीन स्ट्रीटवरच होती. किती वाजता गेलात, कुठून चालत गेलात, थांबलात का कुठं, हे सगळे प्रश्न तिच्या ओठांवर आले. तिनं एकही विचारला नाही. कान बंद करायचे ते तिनं स्वतःचेच केले होते. दुसऱ्याही कुणाला कान असतात, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. आता विचारून काय होणार होतं? ऐकलेलं परत काढून घेता येत नाही.

“छान आहेत,” ती म्हणाली. “झोपायला चल.”

७

भूल देण्याची खोली छोटी असते. एक खाट, एक मॉनिटर, भिंतीवर माशांची चित्रं चिकटवलेली, पलीकडे थिएटरचं दुहेरी दार. या खोलीत उल्का हजारदा उभी राहिली होती, पण खाटेच्या डोक्याशी. आज ती बाजूला, आयांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर होती. तिथून खोली वेगळीच दिसत होती, छत फार खाली आल्यासारखी.

“गॅसला रंगीत फेल्ट पेनसारखा वास येईल हं,” गॅरेथ अनुयाला म्हणाला. “आवडतात तसली पेनं तुला?”

अनुयानं मान हलवली. तिचा हात उल्काच्या हातात होता, गार आणि घामेजलेला. “आई, ते म्हण ना. तुझं साँग.”

“आज नको, सोन्या.”

“प्लीज. तू फोर लाइन्स म्हण.” अनुया तिच्याकडे बघून हसली. भीती लपवायची असली की ती असंच हसायची. “पुढचा मला येतो.”

उल्का उठली. “गॅरेथ, थांब,” ती म्हणाली. “थांब जरा.”

“बस, उल्का, बस,” तो हळू आवाजात म्हणाला आणि त्यानं अनुयाच्या तोंडावर मास्क ठेवला. शेजारच्या नर्सनं उल्काच्या पाठीवर हात ठेवून तिला अलगद खाली बसवलं. सगळ्याच आया असं करतात. कितीतरी आयांना उल्कानं स्वतः असंच बसवायला सांगितलं होतं. तिनं ओठ आवळले, दातांखाली जीभ धरली. मी म्हणणार नाही. मी म्हणणार नाही.

आणि मग गॅरेथ गुणगुणू लागला.

चांगला माणूस. मुलीनं अंगाई मागितली, आईला जमत नाहीये, आणि दहा वर्षं रोज ऐकून ती चाल त्यालाही तर पाठ होती. पहिली ओळ. दुसरी. अनुयाच्या पापण्या जड झाल्या. तिसरी. पापण्या मिटल्या, हात सैल पडला. गॅरेथनं मॉनिटरकडे बघितलं, चार आकडे जावेत एवढा वेळ.

“हं,” तो म्हणाला. अगदी उल्कासारखा.

“बंद कर,” उल्का म्हणाली. तिला वाटलं आपण ओरडलो. नर्सनं वळूनही बघितलं नाही, म्हणजे आवाज निघाला नसावा. चौथी ओळ सुरू झाली, चौथी संपली. गॅरेथ थांबला, त्याला तेवढीच येत होती. त्यानं बोटानं अनुयाच्या पापणीला स्पर्श केला. पापणी हलली नाही.

“झोपली,” तो म्हणाला.

तेव्हा मास्कच्या आतून सूर आला. बारीक आणि स्वच्छ. सांधा नसलेला. एक, दोन, तीन. गॅरेथच्या भुवया वर गेल्या, तो कौतुकानं हसला. चार, पाच, सहा. उल्काचा हात पुढं झाला, पण तोंडावर मास्क होता, मास्कवर गॅरेथचा हात होता आणि मास्क काढायचा नसतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? सात. आठ.

नववा सूर षड्ज होता. दुसरं काय असणार! दिवसभर बाहेर भटकलेलं माणूस घरी येऊन टेकतं, तसा तो टेकला. उल्काला वाईट याचंच वाटलं, की तो इतका सुंदर होता.

“कमाल पोरगी आहे तुझी,” गॅरेथ म्हणाला. मॉनिटरवर सगळे आकडे ठीक होते. “पापा घे आणि बाहेर बस. चाळीस मिनिटं.”

८

वॉर्डाबाहेरची वाट बघण्याची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. राजीवनं मशीनमधली कॉफी आणली, जांभळ्या सपाता मांडीवर घेतल्या आणि तो त्यांचे कान सरळ करत बसला. उल्का खिडकीशी उभी होती. खाली हॉस्पिटलचा बस स्टॉप, गवतावर पांढरं दंव, रात्रपाळी संपवून निघालेल्या चार-पाच नर्सेस.

“म्हणाली का काही शेवटी?” राजीवनं विचारलं. “घाबरली होती?”

“गायली,” उल्का म्हणाली.

“बघ! आणि तू उगाच.” तो कॉफीवर फुंकर घालत होता. “काल टाउनमध्ये ऐकलंन ना. ती पावावाली मुलगी गं. अनुयानं तीनदा परत वाजवायला लावलं तिला. हलेचना तिथून.”

उल्का खाली बघत होती. स्टॉपच्या टोकाशी, नर्सेसपासून थोडं लांब, करडा कोट घातलेलं कुणीतरी उभं होतं. केस मागं बांधलेले. हातात पावा नव्हता, दोन्ही हात खिशात होते. तिसऱ्या मजल्यावरून चेहरा दिसत नाही. तसला कोट काय, कुणाचाही असतो.

त्या कोटाच्या वर, थंड हवेत, वाफेचा एक ढग उठला.

उल्काची नजर सवयीनं तिथं खिळली. एक ढग. तो विरला, आणखी एक. मग काही नाही. नर्सेसच्या तोंडून वाफा निघत होत्या, विरत होत्या. सहा सेकंद गेले. करड्या कोटाला एक हिसका बसला आणि तिसरा ढग मोठा होऊन बाहेर पडला.

दोन साधे, तिसरा अडकलेला.

तिनं पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. तिला धावायचं होतं, जिन्यानं खाली, किंवा दुहेरी दारातून आत, पण कुठल्या बाजूला धावलं म्हणजे ते परत मिळेल, हे तिला कळेना. खाली बस आली. नर्सेस चढल्या. बस निघून गेली तेव्हा स्टॉपवर कुणी नव्हतं.

मागं वॉर्डाचं दार उघडलं. राजीव उठला, सपाता खाली पडल्याचा मऊ आवाज झाला. भिंतीवरच्या घड्याळात फक्त अकरा मिनिटं झाली होती. आलेली नर्स गेली सात वर्षं तिला नावानं हाक मारत होती. आज ती दारातच थांबली.

“अनुयाची मम्मी?” ती म्हणाली.

उल्का वळली नाही. काचेवर तिच्या श्वासाचं धुकं धरत होतं आणि विरत होतं, आणि जोवर आपण वळत नाही तोवर सकाळ पुरी झालेली नाही, असं तिला वाटत होतं.